उपवास कोणाचा सुटतो? : घरची न्याहारी आणि कौटुंबिक प्रेमकथन

१. विषयाची मांडणी

भारतीय भाषांतील आत्मकथने, आठवणी आणि घराघरांतून सांगितल्या जाणाऱ्या मौखिक हकिकती एकत्र ठेवून वाचल्या की त्यांतील प्रेमाच्या उच्चाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात येते. पती-पत्नी, आई-मुले, सासू-सून या नात्यांमधील जिव्हाळा शब्दांत सांगितला जात नाही. तो एखाद्या कृतीच्या आधाराने सूचित होतो. मराठीत तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ पत्नीने पतीचे नाव घेण्याचाही प्रघात नव्हता. ‘इकडून’, ‘तिकडून’, ‘स्वारी’ अशा आडवळणाच्या शब्दांनी त्याचा निर्देश होई. जेथे नावच घेता येत नाही तेथे प्रेमाचा उच्चार कसा व्हावा? त्याची जागा अनेकदा पानावर वाढलेला पदार्थ घेतो. आजीआजोबांची किंवा आईवडिलांची गोष्ट सांगताना ‘त्यांना सकाळी थालीपीठच लागे’ किंवा ‘तिच्या हातचा मऊ भात आणि मेतकूट’ अशी वाक्ये येतात ती याच कारणाने.

अशा वाक्यांकडे समीक्षेने आजवर दोन प्रकारे पाहिले आहे. एक दृष्टी त्यांना स्थानिक रंग मानते. पदार्थाचे नाव आले, वातावरण उभे राहिले, एवढ्यावर ती थांबते. दुसरी दृष्टी स्वयंपाकघराला स्त्रीच्या श्रमशोषणाचे स्थान मानते आणि तेथील प्रत्येक गोड आठवण संशयास्पद ठरवते. या दोन्ही दृष्टींना काही आधार आहे. परंतु दोहोंच्या हातून मूळ प्रश्न निसटतो. घरातले अन्न ही प्रेमाची भाषा असेल तर ती भाषा कोणत्या जेवणात अधिक मोकळी होते आणि ती कोण बोलते?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की भारतीय कुटुंबकथनात दिवसाचा पहिला आहार, म्हणजे न्याहारी, हे प्रेमकथनाचे विशेष स्थान आहे. मुख्य जेवण विधिनिषेधांनी बांधलेले असते. न्याहारी तुलनेने सैल असते. त्यामुळे वैयक्तिक आवड, लाड आणि अबोल संवाद यांना तेथे वाव मिळतो. मात्र हीच न्याहारी सिद्ध करणारी व्यक्ती बहुधा स्वतः उपाशी असते. तेव्हा न्याहारीची प्रत्येक प्रेमकथा वाचताना ‘येथे कोणाचा उपवास सुटला?’ हा प्रश्न विचारावा लागतो.

२. शब्दांची साक्ष

या प्रश्नाचे बीज शब्दांतच आहे. ‘न्याहारी’ हा मराठी शब्द फारसी ‘नहार’शी जोडला जातो, त्याचा अर्थ सकाळपासून काही न खाल्लेला, निरशन असा होतो. ‘नाश्ता’ हाही शब्द फारसीतूनच आला आणि त्याचाही मूळ अर्थ उपाशी असलेला हाच आहे. उपाशीपणाचे नाव पुढे तो उपाशीपणा मोडणाऱ्या अन्नाला मिळाले. ‘फराळ’ हा ‘फलाहारा’चा तद्भव, उपवासाच्या दिवशी चालणारा तो आहार. आज दिवाळीच्या चकली-चिवड्याला आपण फराळ म्हणतो आणि तमिळमध्ये त्याच मुळापासून आलेला ‘पलहारम्’ हा शब्द इडली-दोशासारख्या पदार्थांनाही लागतो. इंग्रजीतील ‘ब्रेकफास्ट’ या शब्दात उपवास मोडण्याची कल्पना उघडच आहे.

इतर भारतीय भाषांनी वेगळी वाट धरली. हिंदीतील ‘कलेवा’ संस्कृत ‘कल्यवर्त’पासून आला, त्यात प्रातःकाळाची कल्पना आहे. बंगालीतील ‘जलखाबार’ पाण्याच्या संगतीने अन्नाचा हलकेपणा दाखवतो. अशा रीतीने भारतीय भाषा या आहाराला तीन बाजूंनी ओळखतात : उपवासाच्या, वेळेच्या आणि हलकेपणाच्या. मराठीत प्रचलित असलेल्या तिन्ही प्रमुख शब्दांत मात्र उपवासाचीच स्मृती टिकून आहे. व्युत्पत्तीवरून समाजव्यवहाराचा निष्कर्ष थेट काढता येत नाही, हे खरे. तरीही पुढील विवेचनाला ही स्मृती उपयोगी पडेल.

३. पंगत आणि न्याहारी

परंपरागत उच्चवर्णीय गृहस्थाश्रमात आहार दोन वेळचा मानलेला होता. दुपारचे जेवण स्नान, देवपूजा, नैवेद्य यांच्यानंतर येई. पंगतीत कोण कोठे बसेल, आधी काय वाढले जाईल, स्त्रिया केव्हा जेवतील, हे सर्व ठरलेले असे. पंगत हे सामाजिक मान्यतेचे जाहीर रूप होते. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पुढील काळातील आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केल्यावर मुरूड गावाने त्या दाम्पत्यावर बहिष्कार घातला. बहिष्काराचा व्यवहारातला अर्थ मुख्यतः पंक्तिव्यवहार तोडणे हाच होता. विवाह मान्य आहे की नाही हे पंगत सांगत असे.

न्याहारी या व्यवस्थेच्या कडेला होती. ती मुलांची, आजाऱ्यांची, प्रवाशांची आणि शेतात राबणाऱ्यांची. शेतकरी कुटुंबात कारभारीण भाकरी, चटणी, कांदा फडक्यात बांधून बांधावर नेई. तेथे पाटही नसे आणि पंगतही नसे. कोकणात पेज, देशावर भाकरी आणि कोरड्यास, ब्राह्मणी घरांत मुलांना गुरगुट्या भात अशी त्याची रूपे होती. पांढरपेशा कुटुंबात मोठ्या माणसांचा नाश्ता ही त्यामानाने अलीकडची गोष्ट होय. कचेरीची वेळ, शाळेची घंटा आणि चहा या तिघांनी मिळून तो रूढ केला. पुष्कळ वर्षे मुंबई-पुण्यातील नोकरदार माणूस सकाळीच पूर्ण जेवून कचेरी गाठत असे.

कडेला असल्यामुळे न्याहारीवर नियमांचा पहारा कमी होता. भाजलेले, तळलेले पदार्थ सोवळ्याच्या दृष्टीने शिजवलेल्या भाताइतके नाजूक मानले जात नसत. पोहे, लाह्या, चुरमुरे हे त्या सवलतीतले पदार्थ. गोपाळकाल्यातही पोहे, लाह्या आणि दही यांनाच स्थान मिळाले आहे आणि काला हा वाटून, एकमेकांच्या हातचा खाण्याचा प्रसाद आहे, हे येथे लक्षणीय ठरते.

अर्थात न्याहारी पूर्णपणे मुक्त होती असे म्हणणे अतिशयोक्त होईल. १८९० साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या कारणावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एक पेला चहा एवढे वादळ उठवू शकतो, यावरून हलक्या आहारावरील सवलत घराच्या उंबरठ्यापर्यंतच होती, असे म्हणावे लागते. उंबरठ्याच्या आत ती होती, म्हणूनच कौटुंबिक प्रेमाला ती उपयोगी पडली.

४. चार मुठी पोहे

न्याहारीच्या पदार्थाभोवती उभी राहिलेली सर्वांत व्यापक भारतीय कथा सुदाम्याची. भागवताच्या दशम स्कंधातील ८० व ८१ या अध्यायांत ती येते. तेथे या ब्राह्मणाला सुदामा हे नाव नाही. तो कृष्णाचा एक दरिद्री ब्राह्मण मित्र आहे. कथा मैत्रीची म्हणून प्रसिद्ध असली तरी तिची सुरुवात एका दाम्पत्याच्या संवादाने होते. भुकेने कृश झालेली पत्नी पतीला मित्राकडे जाण्याची विनंती करते. भेटीला रिकाम्या हाताने कसे जावे, असे पती म्हणतो, तेव्हा ती शेजारच्या ब्राह्मणांकडून चार मुठी पृथुकतंदुल, म्हणजे पोहे, मागून आणते आणि फडक्यात बांधून त्याच्या हाती देते. कृष्ण ते हिसकावून घेतो, एक मूठ खातो, दुसरी तोंडात टाकणार एवढ्यात लक्ष्मीस्वरूप रुक्मिणी त्याचा हात धरते.

या कथेतील उपासमारीचा हिशोब मांडून पाहावा. सर्वांत भुकेली व्यक्ती पत्नी आहे. घरात आलेले एकमेव अन्न तिने मागून आणले आणि स्वतः न खाता बांधून दिले. पतीला द्वारकेत राजोपचार मिळाले. पोहे कृष्णाने खाल्ले. आणि दुसऱ्या मुठीला हात अडवणारीही एक पत्नीच आहे. कथेला एका टोकाला अन्न जमवणारी स्त्री आहे आणि दुसऱ्या टोकाला अन्नाच्या परिणामांचा अंदाज असणारी स्त्री. मधला भाग दोन मित्रांचा. परंपरेने स्मरणात ठेवला तो मधला भाग.

देशी भाषांनी या दोन टोकांना कसे वागवले याची तुलना उद्‌बोधक आहे. ब्रजभाषेत नरोत्तमदासांच्या ‘सुदामाचरित’मध्ये पती-पत्नींचा संवाद विस्तार पावतो आणि पत्नीचा युक्तिवाद जवळजवळ नाट्यमय होतो. गुजरातीत प्रेमानंदाच्या सतराव्या शतकातील ‘सुदामाचरित्रा’त तो संसार मुलाबाळांनी भरतो आणि भूक ही तत्त्वचर्चेची बाब न राहता रडणाऱ्या मुलांची बाब होते. मल्याळमध्ये रामपुरत्तु वारियर यांनी अठराव्या शतकात वंचिप्पाट्टाच्या, म्हणजे नौकागीताच्या, छंदात ‘कुचेलवृत्तम्’ रचले. केरळात धनु महिन्यातील पहिला बुधवार कुचेलदिन म्हणून पाळला जातो आणि गुरुवायूरला त्या दिवशी भाविक ‘अविल’, म्हणजे पोहे, अर्पण करतात.

पदार्थाचे नाव भाषेगणिक बदलते. हिंदी प्रदेशात पुष्कळदा ‘तंदुल’ किंवा ‘चाउर’ हे शब्द येऊन पोह्यांचे तांदूळ होतात. मराठीत ‘पृथुका’चाच तद्भव असलेला ‘पोहे’ हा शब्द टिकल्याने मराठी श्रोत्याला ती पुरचुंडी आपल्याच घरातली वाटते. तांदूळ शिजवावा लागतो. पोहे तसेच खाता येतात. कृष्णाने भेटताक्षणी मूठ तोंडात टाकणे हे पोह्यांतच शक्य आहे. पदार्थाचे भाषांतर बदलले की प्रसंगातील उतावीळ प्रेमाची संभाव्यताही बदलते, हा मुद्दा अनुवादविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

५. कांदेपोहे, कलेवा, मलिदा

अमराठी विद्यार्थ्यांना आधुनिक मराठी कथा शिकवताना ‘कांदेपोहे’ या शब्दाशी हमखास अडखळायला होते. पदार्थाची कृती सांगून भागत नाही. ‘तिचे पाच वेळा कांदेपोहे झाले’ या वाक्यात पोहे खाण्याचा संबंधच नसतो. मुलगी पाहण्याचे पाच कार्यक्रम झाले आणि जमले नाही, एवढाच त्याचा अर्थ. विसाव्या शतकातील शहरी मध्यमवर्गात ठरवून होणाऱ्या विवाहाची पहिली भेट या पदार्थाच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

या जागी पोहेच का आले, याचे अनुमान मागील विवेचनावरून करता येते. पूर्ण जेवण घातले तर दोन घरांमध्ये पंक्तिव्यवहाराचे नाते सुरू होते; नकार देणे अवघड होते. पोहे हलके, झटपट होणारे, स्वस्त आणि बंधन न घालणारे. शिवाय ते मुलीने केले आहेत असे सांगता येते. एका बशीत कौशल्याची परीक्षा, पाहुणचार आणि माघार घेण्याची मुभा या तिन्ही गोष्टी मावतात. घरोघरच्या प्रेमकथांत पुढे हीच बशी आठवणीचे केंद्र होते : मीठ जास्त पडले होते, तिखट लागले तरी ते बोलले नाहीत, पोहे प्रत्यक्षात काकूने केले होते. ठरवून झालेल्या लग्नाला प्रेमकथेचे रूप देण्याची ही मराठी कुटुंबाची रीत आहे. परीक्षेचा प्रसंग पन्नास वर्षांच्या सहवासानंतर विनोद होऊन उरतो. परंतु ज्या मुलींना त्या बशीमागून नकारच येत राहिले, त्यांच्या कुटुंबांत ही गोष्ट सांगितली जात नाही, याचे भान अभ्यासकाने ठेवावे.

आज ज्याला आपण अस्सल पारंपरिक मानतो त्या कांदेपोह्यांतील हिरवी मिरची आणि शेंगदाणे हे दोन्ही जिन्नस अमेरिका खंडातून आलेले. मिरची पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात पोहोचली. सुदाम्याच्या पोह्यांना ही फोडणी ठाऊक नव्हती. ‘आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या’ हे शब्द न्याहारीबाबत वापरले जातात तेव्हा ते कालमापन करीत नसतात. ते आपलेपणाची ग्वाही देत असतात.

मराठीबाहेरही विवाह आणि सकाळचे अन्न यांची सांगड आढळते. अवधी प्रदेशातील विवाहविधींत ‘कुँवर कलेवा’ असतो : वधूच्या घरी नवरदेवाला सकाळचा आहार दिला जातो, तो रुसतो, मागण्या करतो आणि स्त्रिया गाणी म्हणतात. मोठ्या विधींच्या ताणानंतर येणारी ही थट्टेची जागा आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजात पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करून एलियाहू हनबीच्या स्मरणार्थ आभाराचा विधी होतो. विवाहाच्या निमित्तानेही तो केला जातो. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या मराठीभाषक बेने इस्राएल कुटुंबांनीही तो जपला आहे. धर्म, भाषा आणि देश बदलूनही मंगल प्रसंगातील पोह्यांचे स्थान कायम राहिले. कांदेपोहे, कलेवा आणि मलिदा यांच्या उगमाचा एकमेकांशी संबंध जोडण्याचे कारण नाही; त्यांचे कार्य मात्र तुलनीय आहे. दोन कुटुंबांमधील अवघडलेपण हलक्या अन्नाने कमी होते.

६. वाढणारीचे कथन

येथपर्यंत पाहिलेल्या कथा बहुतांशी खाणाऱ्याच्या बाजूने सांगितलेल्या आहेत. वाढणारी जेव्हा स्वतः लिहू लागते तेव्हा चित्र पालटते.

बंगालीतील राससुंदरी देवी यांचे ‘आमार जीबन’ हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आत्मकथन या बाबतीत आरंभबिंदू मानावे लागेल. मोठ्या घराचा स्वयंपाक करता करता त्यांनी पोथीचे एक पान स्वयंपाकघरात दडवून अक्षरओळख मिळवली, ही हकीकत सुपरिचित आहे. तिच्याइतकाच महत्त्वाचा प्रसंग त्यांच्या उपाशी राहण्याचा आहे. प्रत्येक वेळी पान वाढून घ्यावे आणि कोणी पाहुणा किंवा मूल आड यावे, असे होत त्यांना जेवायलाच मिळत नाही. त्या तक्रारीचा सूर लावत नाहीत. देवाची लीला म्हणून सांगतात. तरीही लेखनात तो प्रसंग नोंदवणे हीच एक कृती ठरते. सर्वांचा उपवास सोडवणाऱ्या स्त्रीचा उपवास प्रथमच मजकुरात येतो.

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात दाम्पत्यप्रेमाची वेगळीच घडण दिसते. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. त्यांच्या आठवणींतील आंब्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्यांनी आवडीने आंबा चिरून पुढे ठेवला. रानड्यांनी थोड्याच फोडी खाऊन हात आवरला आणि कारण विचारल्यावर रसनेवर ताबा ठेवण्याविषयी सांगितले. येथे पत्नीची प्रेमाची भाषा पदार्थाची आहे आणि पतीचे उत्तर संयमाच्या भाषेत येते. रमाबाई ते उत्तर आदराने स्वीकारतात. आजच्या वाचकाला त्या उरलेल्या फोडींकडे पाहून काय वाटते हा वेगळा प्रश्न; लेखिकेने त्या फोडी विस्मरणात जाऊ दिल्या नाहीत, हे महत्त्वाचे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त (१९३४ पासून प्रकाशित) अन्न आणि प्रेम यांच्यात धर्मांतराची दरी येते. सोवळ्याच्या अतिरेकाने ग्रासलेल्या वडिलांच्या घरी त्यांचे बालपण गेले. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काही वर्षांच्या विरहानंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या तेव्हा प्रथम त्यांनी आपले सोवळे वेगळे सांभाळले. पुढे ते गळून पडले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. एका छपराखाली दोन चुली आणि मग एक चूल, असा हा प्रवास आहे. मराठीतील या श्रेष्ठ दाम्पत्यकथेत प्रेमाची कसोटी कोणत्याही उद्‌गारापेक्षा एकमेकांच्या हातचे अन्न-पाणी चालण्यात लागते. लक्ष्मीबाईंचा विनोद या प्रवासाला कारुण्याच्या कडेला जाऊ देत नाही. परंतु त्या विनोदाखालील त्यागाचे वजन कमी लेखता येणार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात याच प्रश्नाचे दुहेरी दर्शन एका दाम्पत्याच्या लेखनातून घडते. पु. ल. देशपांडे यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख खाणाऱ्याच्या निर्मळ आनंदाचा मराठीतील उत्तम आविष्कार आहे. सुनीताबाई देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) त्याच घराची दुसरी बाजू सांगते : संसार कोणी उभा केला, कोणाच्या कष्टांची दखल घेतली गेली नाही आणि तरीही प्रेम कसे उरले. १९४६ साली नोंदणी पद्धतीने झालेला हा आधुनिक विवाह होता. सोवळे नव्हते, पंगत नव्हती. तरीही जाणवणारा आणि न जाणवणारा असे दोन वाटेकरी राहिलेच. ही दोन लेखने स्वतंत्रपणे वाचणे आणि एकत्र वाचणे यांत मोठा फरक पडतो. एकत्र वाचल्यावर कोणतेही एक खोटे ठरत नाही. खाणाऱ्याचा आनंद खरा असतो आणि करणाऱ्याचा थकवाही खरा असतो.

७. आवड कोणाला परवडते?

‘आवडीची न्याहारी’ या शब्दप्रयोगात निवडीचे स्वातंत्र्य गृहीत आहे. दलित आत्मकथनांनी या गृहीतालाच हात घातला. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या पुस्तकात (ग्रंथरूप १९८६) पहाट होण्यापूर्वी दळणाला उठवल्या जाणाऱ्या कोवळ्या वयाच्या सुना येतात. भाकरी नीट थापता न येणाऱ्या मुलीची सासू शेजारणींसमोर तिची अर्धीकच्ची भाकरी दाखवून नाचक्की करते. कांदेपोह्यांच्या बशीतील परीक्षा येथे नागव्या स्वरूपात आहे. फरक इतकाच की पुढे ती विनोद होऊन उरत नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) ओमप्रकाश वाल्मीकींच्या हिंदी ‘जूठन’पर्यंत (१९९७) शिळे व उष्टे अन्न हा जातिव्यवस्थेचा दैनंदिन पुरावा म्हणून येतो.

शिळ्या अन्नाचेच उदाहरण घेतले तर वर्गाचा आणि जातीचा फरक स्पष्ट होतो. फोडणीची पोळी, फोडणीचा भात हे मध्यमवर्गीय मराठी घरातील आवडीचे नाश्ते. रात्रीचे अन्न वाया जाऊ नये या काटकसरीतून जन्मलेले आणि पुढे लाडाचे झालेले. ओडिशाचा पखाळ, बंगालचा पांता भात, तमिळ प्रदेशातील रात्रभर पाण्यात ठेवलेला भात हे कष्टकऱ्यांच्या सकाळचे अन्न. पैकी काहींना आता सांस्कृतिक अभिमानाचे मूल्य लाभले आहे. गावकीची कामे करून मागून आणलेली शिळी भाकरी मात्र त्याच वर्णनात बसत नाही. तिन्ही ठिकाणी वस्तू शिळे अन्नच. परंतु पहिल्या ठिकाणी ते आपले असते, दुसऱ्या ठिकाणी गरजेचे आणि तिसऱ्या ठिकाणी दुसऱ्याने टाकलेले. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील दलित स्वयंपाकाची नोंद करून मराठी पाकशास्त्राच्या रूढ व्याख्येतील ही उणीव दाखवून दिली. त्या पुस्तकाच्या शीर्षकानेच पंगतीतील पूर्णतेच्या घोषणेला उत्तर दिले आहे.

म्हणून दलित कुटुंबकथनात प्रेम नाही असे नव्हे. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) बांबूच्या टोपल्या, सुपे विणून मुलांना वाढवणारी आई आहे, लेखिकेचा प्रेमविवाह आहे आणि तिने पुढे शिकायचे ठरवल्यावर घरकामावरून उभा राहिलेला ताणही आहे. आईचे प्रेम येथे आवडीचा पदार्थ करून घालण्यात व्यक्त होत नाही. ते न थांबणाऱ्या हातांत व्यक्त होते. प्रेमाचे चिन्ह पदार्थाकडून श्रमाकडे सरकले आहे. कौटुंबिक प्रेमकथनाची व्याख्या पदार्थांच्या आठवणींवर आधारली तर ‘आयदान’सारखी पुस्तके तिच्या बाहेर पडतील. तो दोष व्याख्येचा असेल.

जात्यावरच्या ओव्या येथे स्मरणात घ्याव्या लागतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाच्या आसपास ओव्या संकलित झाल्या. दिवसाचे पीठ दळण्याची पहाटेची वेळ हीच त्या रचनांची वेळ. भाऊ, आई, लेक, सासर यांविषयीचे प्रेम आणि सल त्यांत उघड बोलले गेले. सकाळच्या भाकरीचे पीठ आणि प्रेमाचा उच्चार एकाच जात्यातून, एकाच पहारी निघत होता आणि त्या वेळी गाणारी उपाशीपोटी होती.

८. वाचनपद्धतीविषयी

वरील विवेचनातून तौलनिक अभ्यासकाला उपयोगी पडतील असे तीन प्रश्न मांडता येतात. पहिला : या प्रसंगात सर्वांत आधी कोण उठले? न्याहारीची वेळ पदार्थाच्या वेळेपासून मोजू नये. चूल पेटण्याच्या वेळेपासून मोजावी. दुसरा : पदार्थ कोणी निवडला? ‘घरातील आवड’ म्हणून नोंदलेली आवड बहुधा एकाच व्यक्तीची असते. पत्नीची किंवा आईची स्वतःची आवड कथनात येते का, हे पाहावे. तिसरा : शेवटी कोण जेवले आणि ते कथनात आले का? राससुंदरींचा उपवास आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांनी तो लिहिला. सुदाम्याच्या पत्नीने त्या दिवशी काय खाल्ले हे भागवत सांगत नाही.

हे प्रश्न प्रेम नाकारण्यासाठी विचारायचे नाहीत. लक्ष्मीबाईंचे टिळकांवरील आणि टिळकांचे लक्ष्मीबाईंवरील प्रेम या प्रश्नांनी उणे होत नाही. उलट दोन चुलींची एक चूल होताना कोणी काय सोडले हे कळल्याने ते अधिक समजते. अनेक घरांत सुट्टीच्या दिवशी मुलगा किंवा नवरा पोहे करतो आणि आई बसून खाते. त्यात विशेष ते काय, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु राससुंदरींपासूनच्या दीड शतकाच्या कथनपरंपरेसमोर तो प्रसंग ठेवला की त्याचे वजन कळते. अशा घरांतील आठवणी आता लिहिल्या जाऊ लागल्या आहेत आणि त्या लिहिताना खाणारी स्त्री काय नोंदवते हे पाहणे पुढील अभ्यासाचे काम आहे.

या अभ्यासासाठी साधने केवळ मुद्रित साहित्यात शोधून चालणार नाहीत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मराठीचे बोलणे क्षीण झाले तरी सकाळच्या पदार्थांची मराठी नावे टिकल्याचे अनेकदा आढळते. त्या नावांना जोडून आजी-आजोबांच्या विवाहाच्या, स्थलांतराच्या, रुसव्या-समजुतीच्या हकिकती सांगितल्या जातात. त्या हकिकतींचे ध्वनिमुद्रण करताना पदार्थाची कृती विचारण्याची प्रथा आहे. तिच्या जोडीला, तो पदार्थ करणारीने तो केव्हा आणि कोणाबरोबर खाल्ला, हेही विचारून नोंदवावे. महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांतील मराठीच्या अभ्यासकांना हे काम आपापल्या शहरातच सुरू करता येईल आणि ज्यांना हे प्रश्न विचारायचे त्या पिढीतील स्त्रिया आज वृद्ध आहेत, हे ध्यानात घेता ते लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही.